जिल्ह्यातला शेवटचा असुरक्षित ब्राउझर

राजशेखर कलशेट्टी सरांना 'तंत्रस्नेही शिक्षक' असं प्रमाणपत्र मिळालं, त्या दिवसापासून त्यांच्या मागे जी साडेसाती लागली ती अजून सुटलेली नाही. प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून नळदुर्गच्या घरात पुढच्या खोलीत लावलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडावी म्हणून त्याच्या बाजूचं कॅलेंडरही काढून टाकलं होतं. व्यवहारात त्या प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच होता, की त्यांच्या केंद्रातल्या चौदा शाळांपैकी कुठेही संगणक रुसला, प्रिंटरमध्ये कागद अडकला किंवा एखाद्या बाईंच्या फोनवर सासूचा फोटो आडवा दिसू लागला, की सरांना बोलावणं यायचं. सर जायचे. माणसाला मान नसला की मानाचं काम तरी करावंसं वाटतं.

सरांचं खरं दुःख मात्र संगणकाचं नव्हतं. त्यांच्या पत्नी शिवकन्या याही जिल्हा परिषदेच्याच शिक्षिका, आणि त्यांची शाळा परंड्याजवळ. नळदुर्ग जिल्ह्याच्या या टोकाला आणि परंडा त्या टोकाला. मध्ये तुळजापूर आणि बार्शी, म्हणजे तीन एसट्या. शिवकन्याबाई शनिवारी संध्याकाळी यायच्या, रविवारी सकाळभर धपाटे नि चटण्या करून डबे भरायच्या आणि दुपारी निघायच्या. असं अकरा वर्षं चाललं होतं. लेक आरोही सहावीत गेली होती आणि तिच्या वेण्या बापच घालायचा. त्या वेण्या दुपारच्या सुट्टीपर्यंत कधी टिकल्या नाहीत.

यावर शासनाकडे उपाय आहे. त्याला 'पती-पत्नी एकत्रीकरण' म्हणतात. वर्षातून एकदा आठ दिवस बदल्यांचं पोर्टल उघडतं, त्यावर अर्ज भरायचा, जोडीदार कुठे आहे ते कळवायचं, की शासन दोघांना जवळ आणतं. एका वर्षी सर्व्हर बंद होता. एका वर्षी यादीत परंडा तालुकाच नव्हता. एका वर्षी सर्व व्यवस्थित झालं आणि मग बदल्याच रद्द झाल्या. यंदा मात्र सरांनी ठरवलं होतं की पोर्टल उघडल्याच्या पहिल्या तासाला शिवकन्याबाईंचा अर्ज गेला पाहिजे.

पोर्टल उघडायला चार दिवस होते, तेवढ्यात एक परिपत्रक आलं. ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो त्या प्रोग्रॅममध्ये, गंभीर सुरक्षा-त्रुटी आढळल्या असून सर्व शाळांनी तीन दिवसांत तो अद्ययावत करावा आणि 'आमच्या शाळेत एकही असुरक्षित ब्राउझर नाही' असं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांच्या छायाचित्रासह सादर करावं, असं त्यात होतं. केंद्रप्रमुख महालिंगप्पा साहेबांनी शिक्षकांची बैठक घेतली आणि सरांना बोलायला उभं केलं.

सर पाऊण तास बोलले. असं ऐकणारं कुणी मिळालं की ते स्वतःला आवरू शकत नसत. "ब्राउझर म्हणजे आपल्या घराचा दरवाजा समजा," ते म्हणाले. "त्या दरवाज्याला भगदाड पडलंय. तुम्ही एखादं पान नुसतं उघडलं, तरी ते पान आत शिरून आपल्या मनाचं करतंय. आणि ह्या जुन्या आवृत्तीत दुसरा एक दोष हाय. एकानं पानावर भरलेली माहिती कवाकवा पुसलीच जात न्हाय. मागच्याची माहिती पुढच्याच्या पानात उतरती."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग ते बरंच की सर. सारखं सारखं लिवायला नको."

सरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो वहीत काहीतरी लिहू लागला. महालिंगप्पा साहेब उठले आणि म्हणाले, "कलशेट्टी, तुमाला यातलं समदं कळतंय. मग केंद्रातली भगदाडं तुमीच बुजवून टाका."

सरांनी तीन दिवसांत चौदा शाळा पालथ्या घातल्या. मोटरसायकलवर पाठीला लॅपटॉप आणि पुढे टाकीवर डबा. एका शाळेत मुख्याध्यापकांनी संगणकाला हार घातला आणि छायाचित्रासाठी नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर गेलं, ते सरांनीच रुमालाने टिपलं. उगाच कुणी जुनी आवृत्ती परत टाकू नये म्हणून त्यांनी प्रत्येक संगणकाला कुलूप लावलं. त्याचा पासवर्ड सोळा अक्षरी ठेवला, कारण आठ अक्षरी पासवर्ड किती घातक असतो हे त्यांनीच बैठकीत सांगितलं होतं. परिपत्रकात म्हटल्याप्रमाणे तो चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट लाखेने बंद केलं आणि तालुक्याच्या कार्यालयात जमा करून पोच घेतली.

एवढ्यावर थांबले असते तर ते कलशेट्टी सर कसले? शेजारी वीरप्पा अण्णा राहायचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्या नातवाचा संगणक सरांनी सुधारला. बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याचे दोन सुधारले. स्वतःचा लॅपटॉप तर आधीच. या सगळ्यांनाही तेच कुलूप लावलं. शेवटी बायकोला फोन केला.

"आमच्या शाळेचा राहू द्या," शिवकन्याबाई म्हणाल्या. "चालतंय ते."

"अगं, त्याला भगदाड हाय."

"असू द्या की. अकरा वर्षं झाली, आमच्या पत्र्याला भोकं हायत. पावसाळ्यात पोरांच्या पाट्यांवर पाणी गळतंय. त्याचं परिपत्रक कधी आलं न्हाय."

आणि त्यांनी मुख्याध्यापकांना बंद संगणकाशेजारी उभं करून फोटो काढला आणि प्रमाणपत्र पाठवून दिलं. सरांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस फोनवर फक्त हं म्हणत होते. तंत्रस्नेही माणसाच्या घरातच अंधार असावा याचं त्यांना फार लागलं.

पोर्टल उघडलं त्या सकाळी सरांनी अंघोळ करून कपाळाला विभूती लावली आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर मजकूर आला: 'आपला ब्राउझर या संकेतस्थळाशी सुसंगत नाही. कृपया जुनी आवृत्ती वापरावी.' खाली कोणती आवृत्ती तेही लिहिलं होतं. ती नेमकी तीच होती, जी सरांनी तीन दिवस उन्हातान्हात फिरून समूळ नष्ट केली होती.

सरांनी मदत-क्रमांकावर फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, जुना ब्राउझर वापरा."

"मॅडम, पण त्याला भगदाड आहे. तसं परिपत्रक आहे."

"हो सर. आपलं पोर्टल त्यातनंच उघडतं."

मग सरांनी कुलूप काढायचं ठरवलं. सोळा अक्षरांपैकी त्यांना पहिली पाच आणि मधलं एक आठवत होतं. बाकीची लाखेच्या पाकिटात होती, पाकीट तालुक्याच्या कपाटात होतं, आणि कपाटाची किल्ली घेऊन तिथले बाबू मेहुण्याच्या लग्नाला विजापूरला गेले होते. लग्न एकाच दिवसाचं होतं, पण बाबू थोरले जावई होते, त्यामुळे आठवडाभर परतण्याची आशा नव्हती. मोबाईलवर पोर्टल उघडायचं, पण अर्ज पाठवायचं बटण पडद्याच्या बाहेर कुठेतरी राहायचं.

तोपर्यंत केंद्रातून फोन सुरू झाले. बदली काही एकट्या कलशेट्ट्यांनाच हवी नव्हती. प्रत्येक शाळेत कुणी ना कुणी आठ दिवसांकडे डोळे लावून बसलं होतं आणि प्रत्येकाच्या संगणकाला सरांच्या हातचं कुलूप होतं. झेरॉक्सवाला म्हणाला, "सर, तुमी यायच्या आधी समदं उघडत हुतं बघा." तो काही वाईट बोलला नाही, पण सरांना रात्रीचं जेवण गेलं नाही. महालिंगप्पा साहेबांनी तर विचारलं, "कलशेट्टी, भगदाडं बुजवायला तुमाला सांगितलं कुणी?"

"साहेब, तुम्हीच की. बैठकीत."

"ते तोंडी हुतं. लेखी हाय का तुमच्याकडं?"

सरांकडे लेखी काहीच नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं एक शहाणपण आलं नव्हतं. वीरप्पा अण्णांनी ओट्यावर बसून धीर दिला. त्यांच्या मते माणसाने कुठलीही चालती वस्तू सुधारायला जाऊ नये. त्यांच्या डेपोत एक गाडी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नसे, पण बारा वर्षं रस्त्यात कधी बंद पडली नाही. मग एका साहेबाने ती दुरुस्त केली. पुढचं ऐकायला सर थांबले नाहीत.

असे सहा दिवस गेले. बायकोच्या शाळेचा संगणक सुधारायचा राहिला याचा सरांना इतका राग होता, की त्याचा उपयोग होईल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सातव्या दिवशी संध्याकाळी शिवकन्याबाईंचा फोन आला. "अहो, ते तुमचं पोर्टल आमच्या शाळेत उघडलंय की."

सर उठून उभे राहिले. मग म्हणाले, "हात लावू नकोस. मी येतो."

आता हे गुपचूप करायला हवं होतं. पण पहाटे पिशवी घेऊन निघताना वीरप्पा अण्णांनी विचारलं आणि सरांच्या तोंडून खरं निघालं. तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला बातमी सांगणं म्हणजे ती बसस्टँडच्या भोंग्यावरून सांगण्यासारखंच. सर तिसऱ्या एसटीतून उतरून दुपारी शाळेवर पोचले, तेव्हा पटांगणात सदतीस शिक्षक रांगेत उभे होते. काही गाड्या करून आले होते. झाडाखाली दोघी जणी लेकरांना भरवत होत्या. जिल्ह्यातला शेवटचा असुरक्षित ब्राउझर आत एका खोलीत पंख्याखाली सुरू होता आणि शिवकन्याबाई दारात उभ्या राहून सगळ्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला वाढत होत्या.

"आधी आपला अर्ज भरू," सर कानाशी म्हणाले.

शिवकन्याबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जसं काही त्यांनी पंगतीत पाहुण्यांच्या आधी बसायचं म्हटलं होतं. "दारी आलेल्यांना उभं करून आपण आधी बसायचं व्हय? लोक काय म्हणतील? होऊ द्या त्यांचं."

सरांना हे पटलं नाही, पण पटलंही. घर त्यांचं नसलं तरी शाळा बायकोची होती, म्हणजे यजमान तेच. ते संगणकाशी बसले आणि एकेकाचा अर्ज भरून देऊ लागले. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा लोक त्यांना मानाने 'सर' म्हणत होते. दर अर्धा तासाला वीज जायची, पोर्टल चाक फिरवत बसायचं, मग कुणाची जन्मतारीख चुकायची. आठवा दिवस होता, सहा वाजता पोर्टल यंदापुरतं बंद होणार होतं. साडेपाचला सर घामाघूम झाले होते. छत्तीस लोक झाले, सदतिसाव्या महेश्वरीबाई होत्या. त्या तिथल्याच तालुक्यात शिकवायच्या आणि त्यांचे यजमान सिद्धेश्वर तामलवाडीला शिक्षक होते. त्यांचा अर्ज पाठवून सरांनी घड्याळ पाहिलं, तर सहाला नऊ मिनिटं कमी.

"बस, बस लवकर," सर म्हणाले. शिवकन्याबाई हात पुसत येऊन बसल्या. नाव, शाळा, जन्मतारीख भरून झाली. पुढचा रकाना 'जोडीदाराचा अकरा अंकी शिक्षक क्रमांक' असा होता आणि त्यात क्रमांक आधीच भरलेला दिसला.

"बघ," सर म्हणाले, आणि आठ दिवसांनी त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला. "याला म्हणतात संगणक. माझा नंबर त्याला ठाऊक हाय."

ज्या संगणकाला आपण आजच्या आधी कधी हात लावला नव्हता त्याला आपला क्रमांक कुठून ठाऊक, हा प्रश्न त्यांना पडला नाही. स्वतःचा अकरा अंकी क्रमांक त्यांना पाठ नव्हता आणि ताडून बघायला वेळ नव्हता. त्यांनी बटण दाबलं. 'अर्ज स्वीकारला' असं आलं तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. शिवकन्याबाईंनी पदराने डोळे टिपले. सर खुर्चीत तसेच बसून राहिले.

दीड महिन्याने यादी लागली. शिवकन्याबाईंची बदली झाली होती, पती-पत्नी एकत्रीकरणाखाली, तामलवाडीला. नवरा नळदुर्गला असताना तामलवाडी का मिळाली, यावर सर दहा मिनिटं विचार करत होते. मग वीरप्पा अण्णा म्हणाले, "अवो, तुळजापूरला गाडी बदलली की झालं. रोज घरी येतील बाई. शासनाला एवढं जमलं हेच लई झालं." ते खरंच होतं. सरांनी पेढे वाटले. महालिंगप्पा साहेबांना दोन दिले.

शिवकन्याबाई तामलवाडीला हजर झाल्या आणि रोज सकाळी सहाला जाऊन संध्याकाळी सातला घरी येऊ लागल्या. ते दिवस सरांना झेपले नाहीत, इतके चांगले होते. बायको मंगळवारी घरात असते ही गोष्टच त्यांना अकरा वर्षांत माहीत नव्हती. मंगळवारी ती थकलेली असते, पायाला तेल लावते आणि डब्याची झाकणं कुणी हरवली यावरून भांडते, हे त्यांना आता कळलं. भांडण निम्म्यात सोडून उद्या पुढे चालवता येतं, रविवार दुपारच्या आत मिटवावं लागत नाही, हे तर फारच मोठं सुख होतं. आरोहीच्या वेण्या शाळा सुटेपर्यंत टिकू लागल्या. एका बुधवारी तिघंही काही न बोलता नुसती टीव्ही बघत बसली होती, आणि जाहिराती लागल्या तरी सर उठले नाहीत. असे सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी, रविवारी सकाळी, एक किरकोळ अंगाचा माणूस दारात आला. त्याच्यामागे महेश्वरीबाई होत्या. रडून रडून त्यांचे डोळे लाल झाले होते.

"मी सिद्धेश्वर. तामलवाडीचा," तो म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

ती नोटीस होती. 'अभिलेख तपासता असे दिसून येते की आपल्या शिक्षक क्रमांकाशी दोन शिक्षिकांनी पत्नी म्हणून एकत्रीकरणाचा लाभ घेतला आहे. पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह करणे हा सेवाशर्तींचा भंग असून आपणास निलंबित का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.' खाली दोन नावं होती. पहिलं महेश्वरी. दुसरं शिवकन्या.

सरांनी कागद दोनदा वाचला आणि भिंतीला टेकून बसले. त्यांना सगळं कळलं. मागच्याची माहिती पुढच्याच्या पानात उतरते, हे त्यांनी उभ्या केंद्राला पाऊण तास समजावून सांगितलं होतं. खडूने फळ्यावर बाण काढून सांगितलं होतं.

"सर, मी बाईंना वळखत बी न्हाय," सिद्धेश्वर म्हणाले. "शाळेत दिसल्या तर नमस्कार करतो, एवढंच. घरी आई जेवंना झाली. भावकी इचारती, दुसरी कधी केलीस म्हणून. तुमी एवढं लिवून द्या की त्या तुमच्या मंडळी हायत."

एव्हाना वीरप्पा अण्णा आत आले होते. ओट्यावरून सगळं ऐकू जायचं. त्यांनी सरांना स्वयंपाकघराच्या दारात नेलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "काय बी लिवू नका. एकदा हजर झालेल्या माणसाला कोण उठवत न्हाय. कागदाला कागद लागून चार वर्षं जातील. तवर पोरगी दहावी व्हती."

सर तिथेच उभे राहिले. सल्ला चुकीचा नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या फायद्याचं काही सांगितलं होतं. आणि ते मनात आलं याची त्यांना इतकी शरम वाटली की त्यांना बाहेर जाववेना. शिवकन्याबाई चहा गाळत होत्या. त्यांनी मागे न बघता म्हटलं, "लिहून द्या."

"अगं, मग परत परंडा."

"कळतंय मला. पर त्या माणसाची नोकरी जाईल आणि ही बाई आपल्या दारात रडत बसली, ते मला रोज दिसंल. द्या लिहून."

सरांनी लिहून दिलं. 'सौ. शिवकन्या ह्या माझ्याच पत्नी असून...' लेखी कबुली द्यायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ, आणि ती अशी. कार्यालयाने पुरावा मागितला. त्यांनी लग्नाचा फोटो नेला. बाशिंगाखाली नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. साहेब म्हणाले, "हे तुम्हीच कशावरून?" मग रेशनकार्ड नेलं, आरोहीचा जन्मदाखला नेला, दोन साक्षीदार नेले. वीरप्पा अण्णांनी शपथेवर सांगितलं की ते त्या लग्नात जेवले आहेत आणि बुंदी चांगली झाली होती. बरोबर क्रमांक घालून अर्ज पुन्हा भरू द्या, अशी सरांनी हात जोडून विनंती केली. साहेब म्हणाले की पोर्टल आता पुढच्या वर्षी उघडेल, आणि तेही सुरक्षेच्या कारणास्तव उघडेलच असं नाही.

सरांच्या आजवरच्या एकाही अर्जाचं उत्तर वर्षाच्या आत आलं नव्हतं. हे तीन दिवसांत आलं. मंगळवार होता. शिवकन्याबाई नुकत्याच आल्या होत्या आणि पाय धूत होत्या. सरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

'प्रस्तुत प्रकरणी सौ. शिवकन्या यांचे पती श्री. राजशेखर कलशेट्टी हेच असल्याचे पुराव्यानिशी सिद्ध झाले आहे. सबब, पती-पत्नी एकत्रीकरणाखाली झालेली त्यांची बदली रद्द करण्यात येत असून त्यांनी परंडा येथील मूळ शाळेवर तात्काळ हजर व्हावे.'

शिवकन्याबाईंनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही माझे कुणीच न्हाईत असं सिद्ध झालं असतं, तर मला इथं राहू दिलं असतं, न्हाय का?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. आरोही आतून आईला हाक मारत होती. शिवकन्याबाईंनी कागदाची घडी करून सरांच्या हातात दिली आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढलं.